एकेचाळीस चिठ्ठ्यांचे शुद्धलेखन

वाचकहो, बत्तीस वर्षे मी छापखान्यात मुद्रितशोधन केले. माझ्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घाची चूक निसटणे म्हणजे मांजरापुढची दुधाची वाटी भरलेली परत येणे! म्हणूनच, पत्नी गेल्यानंतरच्या या पहिल्या नाताळात मी संकल्प केला, की लेक येण्यापूर्वी झाडाच्या सजावटीची पेटी निर्दोष करावी.

पेटीत एकेचाळीस वस्तू होत्या. काचेचे गोळे, लोकरीचा पक्षी, कागदी तारे. प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, पत्नीच्या हातची. आणि काय ते लेखन! ‘पहीला दात पडला तेव्हाचा पक्षि.’ ‘चांदणि, ताप ऊतरला त्या दीवशीची.’ वेलांट्या अशा, की वाऱ्याने दोरीवरचे कपडे उडवावेत! मी एकेचाळीस नव्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरांत लिहून बांधल्या, जुन्या चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि टोपली खाली नेऊन रिकामीही केली. काम अर्धवट ठेवणारा मी नव्हे!

लेक आली. तिने पक्षी उचलला, चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली.

“बाबा, आईच्या चिठ्ठ्या?”

“सगळ्या सुधारल्या! एक चूक काढून दाखव!”

“आईचं अक्षर कुठाय, बाबा?”

मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला अडकवून धावलो. कचरागाडी कोपऱ्यावर वळत होती.

“अहो बाई, थांबा! माझी पत्नी आत आहे!”

चालकबाईंनी करकचून ब्रेक मारला. “आजोबा! पोलिसांना बोलवू का?”

“तिचं अक्षर हो, अक्षर!”

“कागद होय! ते गाडीच्या दाबयंत्रात गेले. लगदा झाला, आजोबा.” मग हलकेच म्हणाल्या, “घरी जा. चपला बघा.”

परतलो, तो लेक जमिनीवर बसून माझी एक चिठ्ठी मोठ्याने वाचत होती. हसत होती की रडत होती, ते कळेना.

“‘ह्यांनी आणलेली घंटा. वाजत नाही. ह्यांना सांगू नये.’ बाबा, हे तुम्हीच लिहिलंत?”

मी घंटा हलवली. शांत! लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेली. दरवर्षी मी ती टांगावी आणि पत्नीने म्हणावे, “किती गोड वाजते!” मला ऐकू येत नसे, म्हणून मी कानांत औषध घालीत आलो होतो.

“लिहिताना वाचलं नाहीत?”

“नाही गं,” मी म्हणालो. “फक्त तपासलं.”