भाड्याचा कंप्यूटर

निशिगंधाने माउस इतक्या जोरात आपटला, की बाकावर बसलेल्या लालीबाईंनी मांडीवरचं डाळीचं पाकीट छातीशी धरलं.

"काय झालं बेटा?"

"कंप्यूटर नाही आला अजून."

"हा काय, समोरच तं हाये."

"हा नुसता पडदा हाये, लालीबाई. कंप्यूटर तिकडे कंपनीत हाये. कुठं, ते मले बी नाही मालूम!"

बोरी अरबच्या बसथांब्याजवळ निशिगंधाचं डिझाइनचं दुकान. तिथला जुना, धडधाकट कंप्यूटर तिच्या नवऱ्याने, गोपालने, गोड बोलून भंगारात घालायला लावला होता. "इकत घेऊन कायले ठेवतं? नेटवरून भाड्यानं घे. बिघडला तं त्याईच्या घरी बिघडन," हे त्याचं म्हणणं. आणि आज लालीबाईंच्या बचत गटाची तूरडाळ लेबलावाचून अडून बसली होती. उद्या सकाळीच यवतमाळला प्रदर्शन होतं. लेबल तयार होतं, पण तेही कंपनीतच.

नाली खोदणाऱ्या जेसीबीने रस्त्यातली नेटची केबल तोडली होती. निशिगंधाने मोबाइलचं नेट जोडलं. तेव्हा कंपनीला संशय आला. नेहमीच्या जोडणीवरून कोणी येत नाहीये, म्हणून कंपनीने ओळख पटवायला ओटीपीचा आकडा पाठवला, तोही गोपालच्या मोबाइलवर. करार त्याच्या नावाने होता ना!

गोपाल वावरात फवारणी करत होता.

"अवो, तुमच्या मोबाइलवर नंबर आला असन. सांगा लवकर!"

"कोण बोलून राह्यलं?"

"मी! निशिगंधा!"

"हे पाहा बाई, ओटीपी कोणाले सांगाचा नाही, असं आमच्या घरच्यांनी बजावून ठेवलं हाये."

"मीच तं बजावलं होतं!"

"आजकाल आवाज बी नकली काढतात म्हणे," असं म्हणून गोपालने फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला. त्याने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तिने त्याच्या मामाचं नाव, त्याच्या आवडीची भाजी आणि त्याची एक खाजगी खोड अशा तिन्ही गोष्टी ओरडून सांगितल्या. लालीबाईंनी लाजून रस्त्याकडे तोंड फिरवलं. गोपाल म्हणाला, "बापरे, यायले तं सारंच मालूम हाये!" आणि त्याने मोबाइलच बंद केला.

इकडे पडद्यावर अक्षरं उमटली : आपल्या सुरक्षेसाठी खातं उद्यापर्यंत बंद.

"माह्यापासून माहीच सुरक्षा?" निशिगंधा किंचाळली. चहावाला गिऱ्हाइकासकट डोकावून गेला.

थोड्या वेळाने पाठीवरचा फवारणीचा पंपही न उतरवता गोपाल धापा टाकत दुकानात शिरला. त्याने बायकोचा चेहरा नीट निरखला आणि खुशीत म्हणाला, "हाव, तूच हायेस. आता लिहून घे नंबर. पाहा, फसलो नाही मी!"

निशिगंधाने पडद्यावरचं 'उद्यापर्यंत बंद' त्याला बोटाने दाखवलं आणि पर्स उचलली.

"पंप उतरवा. दारव्ह्याले चाला."

"कायले?"

"कंप्यूटर घ्याले. माह्या मालकीचा. माह्याच घरी बिघडन असा!"

दुपार कलता कलता नवा कंप्यूटर टेबलावर आला. लालीबाईंनी त्याला कुंकू लावलं. निशिगंधाने बटण दाबलं. यंत्र आपलं, वायर आपली, टेबल आपलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या कपाळावरची आठी सुटली. लेबल नव्याने करायला तिने डिझाइनचा प्रोग्राम उघडला. पडदा उजळला आणि नम्रपणे म्हणाला : पुढे जाण्यासाठी मासिक सदस्यता घ्या.

"आला का कंप्यूटर?" लालीबाईंनी हळूच विचारलं.

"आला. त्याचं डोकं भाड्याचं हाये."

गोपालने दाराकडे सरकत, जिवाच्या आकांताने एक उपाय सुचवला. "मी... स्केचपेन आणू का?"

"आणा," निशिगंधा दात खात म्हणाली. "पण इकत आणजा. भाड्यानं नोको!"