कमळाकाकूंची काठी

आमच्या शेजारच्या कमळाकाकूंच्या घरात चपला कायम दाराकडे तोंड करून असतात. पाहुण्यांच्यासुद्धा. तुम्ही चहाला टेकलात की त्या आधी जाऊन तुमची चप्पल फिरवून येतात. मी नांदेडचा, मला वाटायचं, 'आता निघा' म्हणायची ही लातुरी रीत असावी.

काकू मूळच्या किल्लारीच्या. भूकंपानंतर लातूरला आल्या आणि क्लासेसचं पीक आलं तेव्हा वरचा मजला शिकणाऱ्या चार मुलींना भाड्याने देऊ लागल्या. मी अशाच एका क्लासात केमिस्ट्री शिकवतो, म्हणून त्यांचा 'सर'. काकू बसत नाहीत. चहा उभ्याने, टीव्ही उभ्याने. काहीही विकत घेताना प्रश्न एकच : "घाईत कामाला येईल का?" त्यापायी त्यांनी एकदा बटणांचा स्वेटर परत केला होता.

यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. त्यात भिशीच्या बायकांनी गिरनारचा बेत काढला. डॉक्टर म्हणाले, ट्रेकिंगची काठी घ्या, चढताना आखूड करा, उतरताना लांब, सांध्यांवरचा भार कमी होईल. काठी निवडायला मी सोबत गेलो, इथेच चुकलो.

युनूसभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान. कॅरम, बॅटी, करंडक आणि कोपऱ्यात काठ्या. पहिली काठी पिळून घट्ट करायची होती. काकूंनी ती जमिनीवर ठेवली, खुर्चीत बसून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मोजा, सर." डोळे उघडून काठी उभी होईपर्यंत मी अकरावर पोचलो.

"लई येळ."

दुसरी खटक्याची. सात. तिसरी घडीची, झटका दिला की सरळ. चार!

"खाला, येच ले लो," युनूसभाई काकूंना म्हणाले. "हलकी है, बॅग में भी जाती."

"मनगटाला पट्टा हाय का?"

पट्टा होता. काकूंनी काठी मनगटाला लोंबकळत ठेवली आणि दोन्ही मुठी हवेत आपटून पाहिल्या. मला क्लासला उशीर होत होता. मी वैतागून म्हणालो, "काकू, गिरनारवर कोण लागणार आहे तुमच्या मागे?"

त्या दुकानातल्या माळ्याच्या जिन्याकडे निघाल्या.

"खाला, दरवाजा इधर है!"

"आधी वर. दार मागून."

काठी टेकत त्या वर गेल्या आणि माळ्याचं बंद दार दोन्ही हातांनी बडवू लागल्या. "उठा गं पोरीहो! उठा!" दुकानातली गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली.

खाली आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. "पोरी वर झोपतेत, सर. अभ्यास करून करून लेकरं मेल्यावानी झोपतेत, हाकेनं उठत न्हाईत." मग म्हणाल्या, "भूकंपाच्या त्या पहाटे सगळ्यात आधी मी बाहेर आले. मला वाटलं, धाकटी नणंद माझ्या मागंच हाय."

एवढंच बोलून त्या काठीचं रबरी टोक पदराने पुसत राहिल्या. मला माझ्या वैतागाची लाज वाटली. इतकी वर्षं मी या बाईला भित्री समजत होतो.

"ही काठी पक्की," त्या म्हणाल्या. "पर गिरनारला न्हाई जायची मी. दरसाली कुठं ना कुठं न्हाई म्हणते, औंदाबी म्हणंन. चार दिवस पोरींना कोण उठवील?"

"आम्ही दोघं नवरा-बायको येऊन झोपतो तुमच्याकडे. मी उठवतो."

काकूंनी माझ्या पोटापासून पायापर्यंत नजर फिरवली. मग जिन्याकडे बोट केलं.

"आधी चढून दाखवा, सर."

मी चष्मा युनूसभाईंच्या हातात दिला आणि धावत सुटलो. खाली काकू मोठ्याने मोजत होत्या.