राजूरकर सरांचा बाजारपेपर

बी.ए. ऑनर्सची परीक्षा मिरचीच्या ढिगापुढं उभं राहून दिलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. आणि ती परीक्षा घेणारे आमचे राजूरकर सर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी हसू देणार नाही. पुण्यात एकदा हे सांगितलं तेव्हा लोक पोट धरून हसले होते, आणि त्यातल्या दोघांशी मी अजून बोलत नाही.

प्रकार असा होता. दर बाजाराच्या दिवशी सर ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना राहुरीच्या बाजारात न्यायचे. प्रत्येकानं एक विक्रेता निवडायचा आणि त्या आठवड्यात वर्गात जे शिकवलं असेल ते त्याला दहा मिनिटांत समजावून सांगायचं. इंग्रजी शब्द आला की पुन्हा पहिल्यापासून. सर मागं घड्याळ धरून उभे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला काळी टोपी आणि उन्हानं लाल झालेलं नाक. दहा मिनिटं झाली की ते विक्रेत्याला म्हणायचे, "हं, द्या आता मार्क."

मार्क म्हणजे त्याच्याकडचा माल. मूठभर शेंगा दिल्या तर पहिला वर्ग. चिमूटभर दिल्या तर पास. काहीच दिलं नाही तर नापास. सुरुवातीला बाजारानं आम्हांला वेड्यात काढलं. महिन्याभरात मात्र विक्रेत्यांना चटक लागली. "गुर्जी, आज ती पोरगी धाडा आमच्याकडं, ती लई बेस बोलती," असा वशिला लागायला लागला.

ती पोरगी म्हणजे सुमती मुळे, मामलेदार कचेरीतल्या कारकुनांची मुलगी. दुसरा इनामदार, राहुरीतलाच. तिसरा मी, शंकर कदम, देवळाली प्रवऱ्याहून रोज सायकल हाणत येणारा. ऑनर्सचा अख्खा वर्ग एवढाच.

राहुरीला तेव्हा कॉलेज होतं म्हटलं तर आता राहुरीचेच लोक "कुठं?" म्हणून विचारतात. होतं! गुळाच्या जुन्या गोदामात होतं, आणि पुढं बंद पडलं म्हणून नव्हतंच असं होत नाही. भिंतींना गुळाचा वास यायचा आणि बाकांवर मुंगळे फिरायचे. मुंगळा चावला तरी हातातलं वाक्य पुरं करायचं, असा सरांचा दंडक होता. एकदा ते स्वतः 'मागणी आणि पुरवठा' एवढं म्हणाले, त्यांचा चेहरा पिळवटला, तरी वाक्य पार पूर्णविरामापर्यंत नेलं आणि मगच पायजम्याला हात घातला.

सर मूळचे राजूरचे. वडील तिकडं डोंगरातल्या शाळेत मास्तर. सर पुण्यामुंबईला शिकून अर्थशास्त्रात ऑनर्स झाले, चांगल्या जागा चालून आल्या, आणि हा गृहस्थ गुळाच्या गोदामात शिकवायला आला. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमची छाती नव्हती. साध्या बी.ए.च्या मुलांना ते 'अरे' म्हणायचे. ज्या दिवशी ऑनर्सच्या अर्जावर सही केली त्या दिवसापासून 'अहो'. "अहो कदम, सायकलीची चेन नीट बसवा." दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे एकदा ऐकलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "मास्तर आपल्या शंकऱ्याला अहो-जाहो करतोय. काय बिघडलंय का त्याचं?"

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. पुस्तकात असं असं लिहिलंय, असं आम्ही म्हटलं रे म्हटलं की सर म्हणणार, "लिहू दे की!" प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, नियमात असं लिहिलंय. "लिहू दे की!" प्रिन्सिपॉलसाहेब सज्जन माणूस, त्यांना त्या रात्री झोप लागायची नाही.

आता माझी फजिती सांगतो. त्या आठवड्यात आम्ही शिकलो होतो की, एखादी वस्तू जसजशी जास्त मिळते तसतशी तिची गोडी कमी होत जाते. मी भागूबाईला गाठलं. ती मिरच्या विकायची. मी रुबाबात सुरुवात केली, "मावशी, तुम्हांला भूक लागलीय. पहिली भाकरी लई गोड लागती. दुसरी जरा कमी. तिसरी बळंच. चौथी तर नकोशीच होती."

भागूबाईनं मला खालून वर पाहिलं. "नकोशी कशी रं होईल? चवथी उरली तर ती सकाळी पोरान्ला व्हती. पोरं आधी त्या टोपल्यातच हात घालत्यात. ती चवथीच तर मोलाची. तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"पुस्तकात लिहिलंय," मी म्हणालो.

मागून आवाज आला, "लिहू दे की!"

भागूबाईनं मला एक मिरची दिली नाही. उलट शेजारच्या बाईला सांगितलं, "कॉलेजात घालून पोरगं वाया घालवलं." मला वाटलं, सर झाडणार. सरांनी खिशातून कागद काढला आणि मला तिचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घ्यायला लावलं. म्हणाले, "युनिव्हर्सिटीच्या पेपरात हा प्रश्न आला की पुस्तकातलं सगळं लिहा. आणि त्याखाली लिहा, 'यावर भागूबाईंची हरकत.' आणि तिला उत्तर द्या. उत्तर देता आलं तर तुम्ही ऑनर्स. नाहीतर नुसते पाठांतरवाले."

परतताना त्यांनी आम्हांला त्यांचा सगळ्यांत लाडका सिद्धांत सांगितला. ऐकणारा 'व्हय, व्हय' म्हणाला तर त्याला काही समजलेलं नाही, तो तुम्हांला वाटेला लावतोय. तो भांडला तर समजलं. "कदम, तुम्ही नापास झालात, पण तुमचं तिला समजलं. हे थोडं नाही!" असं म्हणून त्यांनी मला सुमतीला मार्क म्हणून मिळालेल्या शेंगांतल्या दोन दिल्या.

ऑनर्सच्या वर्गाला युनिव्हर्सिटीनं एकाच वर्षाची परवानगी दिली होती. पुढची द्यायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती. नाही म्हणाली तर वर्ग बंद. म्हणजे ऑनर्स करायचं तर पुणं गाठायचं, आणि दादांनी आधीच बजावलं होतं, "राहुरीत काय शिकायचं ते शिक. पुन्या-बिन्याचं नाव काढू नको. उसाला मानूस लागतं." तेव्हा त्या समितीच्या हातात माझी मान होती म्हणा ना.

समितीचा एक छापील तक्ता होता. त्यात एक रकाना होता, 'ऑनर्सच्या विद्यार्थ्यांसाठी खास संधी व उपक्रम'. प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यात 'विचाराधीन' असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'राहुरीचा बाजार. दर आठवड्याला.'

समितीत दोघे जण होते, एक टोपीवाले आणि एक हॅटवाले. टोपीवाल्यांना भर दुपारी पेंग आली होती. हॅटवाल्यांनी तो रकाना वाचला आणि इंग्रजीत विचारलं, ही थट्टा आहे का? सर म्हणाले, "थट्टा कसली? आज बाजारच आहे. चला."

मी देवाला हात जोडले. सुमतीनं डोळे मिटून घेतले. सर त्या दोघांना खरंच बाजारात घेऊन गेले, आणि आम्ही मागं. तिथं आम्हा तिघांना बोलतं केलं असतं तरी निभावलं असतं. सुमतीनं तर बाजी मारली असती. पण सरांनी हॅटवाल्यांपुढंच हात केला. "आधी आपण. आपला विषय राज्यशास्त्र ना? हे सखाराम, दोरखंड विकतात. यांना सार्वभौमत्व समजावून सांगा. दहा मिनिटं."

हॅटवाले इरेला पेटले आणि बोलायला लागले. मराठी पुस्तकी, त्यात घाम. सखाराम बिचारा दर वाक्याला मान हलवत होता, "व्हय जी. व्हय, व्हय. बरूबर." दहा मिनिटं झाली. हॅटवाले रुमालानं मान पुसत विजयानं सरांकडं बघायला लागले. सर म्हणाले, "व्हय म्हणाला, म्हणजे समजलं नाही. समजलं असतं तर भांडला असता."

सखारामला वाईट वाटलं. "असू द्या, पाव्हनं हायेत," म्हणून त्यानं एक नवंकोरं दावं हॅटवाल्यांच्या हातात दिलं.

"हे ग्रेसचे मार्क," सर म्हणाले.

सगळा बाजार खो खो हसला. आम्हीही हसलो, झूट कशाला बोलू! हॅटवाले मोटारीत बसले तेव्हा दावं त्यांच्या हातातच होतं आणि त्यांचे कान लालभडक झाले होते.

महिन्यानं पत्र आलं. योग्य सोयींच्या अभावी ऑनर्सचा वर्ग पुढं चालवता येणार नाही.

गावानं सरांना खाऊन टाकलं. मीही त्यात होतो, हे सांगायला मला आज लाज वाटते. मी भर वर्गात म्हणालो, "सर, तुमची हौस झाली, आणि आमचं ऑनर्स गेलं. त्या माणसाचा पाणउतारा कशाला केलात? तुमच्यामुळं झालं हे!" इनामदार माझी बाही ओढत होता. सर 'लिहू दे की' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्यापुढं येऊन उभे. "अहो कदम, मला सायकल येत नाही. मागं बसतो. तुमच्या घरी न्या." मी त्यांना कॅरिअरवर घेऊन देवळालीला आणलं. दादा उसाला पाणी देत होते. सर कोटासकट चिखलात उतरले, दादांना नमस्कार केला आणि म्हणाले, "पुण्याच्या कॉलेजात या तिघांना जागा मिळेल, ते माझ्यावर. आज तुमच्या मुलाचा शेवटचा पेपर. परीक्षक तुम्ही. त्याला पुण्याला जाऊन ऑनर्स का करायचं आहे, ते तो तुम्हांला सांगेल. दहा मिनिटं."

एवढा मी भागूबाईपुढंही घाबरलो नव्हतो. काय बोललो ते धड आठवत नाही. दादा एकदाही 'व्हय' म्हणाले नाहीत, हे आठवतं. मधेच म्हणाले, "आन् उसाला पानी कोन देनार? तुझं पुस्तक?" मी म्हणालो, "सुट्टीला येऊन मी देईन." "सुट्टीपत्तूर ऊस थांबंल व्हय?" आम्ही कडाकडा भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी दादांशी भांडत होतो, आणि सर बांधावर उभे राहून घड्याळ बघत होते, गाल मात्र फुललेले.

शेवटी दादांनी वाकून एक ऊस मोडला, त्याचं कांडं सोलून माझ्या हातात दिलं आणि सरांना म्हणाले, "न्या. पर याला तिथं जेवाय वेळंवर घाला म्हनावं." सर तोंड फिरवून बराच वेळ पाटाकडं बघत राहिले.

आम्ही तिघं पुण्याला गेलो. सुमतीच्या वडिलांची समजूत सरांनी कशी घातली, आणि जागा कशा मिळवल्या, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी पत्र टाकायचो. उत्तरं एका ओळीची यायची. 'वाचा. भांडा. जेवा.'

पौषात दादांना ताप आला म्हणून मी चार दिवस गावी आलो. त्यांना उतार पडल्यावर सायकल काढली आणि कॉलेज गाठलं. संध्याकाळ व्हायला आली होती, मुलं निघून गेली होती. दारात शिपाई बसला होता. मी म्हटलं, "सर आहेत का?"

"हायेत की. ऑनर्सचा तास चालू हाय."

"अहो, ऑनर्स तर बंद झालं ना? शिकतंय कोण?"

"कुनी न्हाई," शिपाई म्हणाला. "मंगळवार-गुरुवार ह्या टायमाला येत्यात, फळ्यावर लिव्हत्यात, तासभर बसत्यात आन् जात्यात. प्रिन्सिपॉलसायब दोनदा बोलले. आयकत न्हाईत."

मी आत गेलो. फळ्यावर विषय लिहिला होता, सुबक अक्षरात. सर खुर्चीत पुस्तक उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली. दचकले असतील तर दिसू दिलं नाही. "या कदम. बसा."

मी पहिल्या बाकावर बसलो. त्यांनी हजेरीचं रजिस्टर पुढं ओढलं. "कदम."

"हजर, सर."

"मुळे." त्यांनी काहीतरी लिहिलं. "इनामदार." पुन्हा काहीतरी लिहिलं. मला राहवेना. मी उठून टेबलाशी गेलो. पानावर आमची तीन नावं होती आणि त्यांच्यापुढं जूनपासूनचा प्रत्येक मंगळवार आणि प्रत्येक गुरुवार. सगळीकडं हजर, हजर, हजर. एक खाडा नाही.

मी म्हणालो, "सर, हे खोटं आहे. आम्ही तिघं पुण्याला होतो."

"शिकत होतात ना?"

"होतो."

"मग हजर," सर म्हणाले. त्यांनी रजिस्टर मिटलं, उठून फळ्यापाशी गेले आणि शिकवायला सुरुवात केली. समोर मी एकटाच होतो, पण तासभर त्यांनी आवाज तिघांना पुरेल एवढा ठेवला.