चोवीस तास मामंजींच्या हृदयाचे

मोजमापात माझी चूक होत नाही! कऱ्हाटीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. त्यामुळे शहाण्णव साली माझे सासरे म्हस्कूआबा बांधावर दोनदा पडले, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेल्या मशीनची जबाबदारी मीच घेतली. कमरेला टेपरेकॉर्डरसारखा डबा, छातीला पाच चिकटपट्ट्या. चोवीस तास हृदयाचे ठोके टेप होणार, आणि माणूस त्या वेळी काय करत होता ते मी वहीत लिहिणार.

माझे यजमान सावळाराम यांनी जाहीर केलं होतं, की आबांच्या हृदयात दोष निघाला तर उरलेली वीस मेंढरं विकून टाकायची. मामंजी म्हणाले, आधी मला विका.

वही मी चोख भरली. पावणेनऊ: भाकरी. सव्वाअकरा: मेंढरांना शिव्या. पहाटे पाच: गाढ झोप, घोरणं खणखणीत. डबा जागेवर आहे का, एवढंच पाहिलं नाही. सासऱ्यांचा सदरा सून कशी उचलणार?

दोन दिवसांनी मामंजी, सासूबाई, यजमान आणि मी असे चौघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, पहाटे पाचला हे झोपले होते म्हणता, पण ठोके तर चढावर पळणाऱ्या माणसाचे आहेत. मग मध्येच साडेतीन सेकंद ठोकाच नाही! मी ठणकावलं, की वही बरोबर आहे, तुमच्या मशीनचं घड्याळ तपासा.

मामंजी खिडकीबाहेर बघू लागले.

"पाचला मी आडाचं पाणी शेंदत हुते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "डबा माज्या कमरंला हुता. ह्ये म्हणालं, तानू, तुजं काळीज घोड्यावानी हाय, तूच बांध."

डॉक्टरांनी विचारलं, चक्कर येते का?

"येती की. रहाटाला धरून हुबी ऱ्हाते. मग जाती."

"कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कुणी?"

पुण्याला नेऊन छातीत एक छोटं यंत्र बसवलं की त्या ठणठणीत होतील, असं डॉक्टर म्हणाले. सावळाराम घसा खाकरून मेंढरांवर आले.

"मेंढरांचं नाव काढू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "काळीज माजं थांबलं, ह्यांचं न्हाय. डाक्टर, आता ह्यांनला बांधा. कसं सोडत्यात ते मी बघते."

मामंजींनी निमूट सदरा काढला. आणि मी, एकही नोंद न चुकवणारी, लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदाच सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, खुर्ची देऊ का?"

"दे. आन् च्या बी सांग."