उलटा उतारा

पुरुषोत्तमनगरच्या आमच्या गल्लीत दर शनिवारी सकाळी आठ वाजता, आंघोळ आटोपून आणि कपाळाला अष्टगंध लावून, हिंमतराव आबा एका काळ्या फळ्यावर फक्त एक आकडा लिहितात. फळा त्यांच्या ओट्यावर, तुळशीच्या कुंडीच्या बरोबर वर टांगलेला असतो. आकड्याला देवनागरी वळण असते, खाली पट्टीने ओढलेली रेघ असते आणि रेघेखाली सही. वाटेने जाणारा नवखा माणूस थबकतो, तो केळीचा आजचा भाव समजून मनातल्या मनात हिशेब करतो आणि खूश किंवा हताश होऊन पुढे जातो. प्रत्यक्षात तो असतो चार गोऱ्या पोरांच्या एका बँडला, विलायतेतल्या चाळीस गाण्यांच्या साप्ताहिक यादीत मिळालेला क्रमांक.

आबा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले केमिस्ट. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, हे सांगणाऱ्या आकड्याला उतारा म्हणतात. गाळपाच्या हंगामात रोज सकाळी तो आकडा फळ्यावर लिहिणे हे आबांचे काम. त्यांनी ते इतकी वर्षे आणि इतक्या निष्ठेने केले की निरोपसमारंभात शाल-श्रीफळाबरोबर सहकाऱ्यांनी तो फळाही देऊन टाकला. आबा तो डोक्यावर घेऊन घरी आले. सुमनकाकूंनी दारातच विचारले, "हाऊ काय, आते माले शिकाडशात का?"

मी समोरच्या घरात राहते आणि शाळेत मराठी शिकवते. हंगामात आमच्या गल्लीला मळीचा आंबूस-गोड वास असतो, दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची काळी भुकटी अलगद उतरते, आणि या सगळ्यात आबा ओट्यावर काचेच्या बीकरमधून चहा पीत बसलेले असतात. कप त्यांना चालत नाही. कपावर रेषा नसतात, मग चहा किती प्यायला हे कळावे कसे? त्यांचे एक आवडते वाक्य आहे: "पहिले नमुना ल्या, मंग बोला." भाजीवाली, ज्योतिषी, नवी सून बघून आलेले पाहुणे, सर्वांना ते हेच सांगतात. मी एकदा त्यांच्याकडे आमच्या मुख्याध्यापकांची तक्रार केली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले होते, "कितला दिवसना नमुना शे?"

विलायतेचा आणि त्यांचा संबंध योगेशमुळे. योगेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो त्या बँडचा आवाज सांभाळतो. कोणत्या वाद्याचा आवाज किती मोठा आणि किती बारीक ठेवायचा, त्याच्या कळा त्याच्या हातात असतात. काकूंना हे कधीच पटले नाही. "कळ फिरावाले इतला दूर जावानं व्हतं? आठे पंप काय कमी शेतस?"

पण योगेश गेला तो नुसता कळ फिरवायला नाही. सात वर्षांपूर्वी आबांनी त्याला प्रयोगशाळेत चिकटवले होते. पोरगा कानात बोंडे घालून गाणी ऐकत रसाचे नमुने घ्यायचा. एका सकाळी तो नमुना घ्यायलाच विसरला आणि फळा दुपारपर्यंत कोरा राहिला. सगळ्या खात्यासमोर आबा म्हणाले, "ज्याले आकडा सांगता येत नही, त्यानी माले तोंड दखाडानं नही." योगेशने कानातली बोंडे काढली, नीट गुंडाळून खिशात ठेवली आणि तो बाहेर पडला. महिन्याभरात तो आवाजाचे शिक्षण घ्यायला परदेशी गेला. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोललेले नव्हते. हे मला काकूंनी ज्वारी निवडता निवडता सांगितले, आणि सांगताना त्यांनी खडा म्हणून बरीच चांगली ज्वारीही फेकली.

बोलणे होते ते काकूंशी, रविवारी दुपारी चार वाजता. फोन स्वयंपाकघरात वाजायचा. आबा त्या वेळी ओट्यावर, भिंतीला कान लागेल इतक्या सहजपणे टेकलेले असायचे.

मग एका शनिवारी काकूंच्या फोनवर योगेशचा संदेश आला; बँडचे गाणे यादीत लागणार, आकडा कळवतो, असे तो रविवारीच आईला म्हणाला होता. त्यात शब्द एकही नव्हता. नुसते '३८'.

"माले काय करना तो आकडा?" काकू फोन त्यांच्यासमोर धरत म्हणाल्या. "तुम्हलेच धाडेल शे."

आबांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि ते उठून उभे राहिले. अकरा-साडेअकराच्या पुढे सरकता सरकता ज्यांच्या उताऱ्याला आयुष्यभर धाप लागली, त्यांच्यासमोर अडतीस उभे होते. "ताई!" त्यांनी मला रस्त्यापलीकडून हाक मारली. "अडतीस! मन्ही बठ्ठी नोकरीमां असा आकडा दखा नही!" त्याच सकाळी अडगळीतला फळा बाहेर आला, ओल्या फडक्याने पुसला गेला, आणि ओल्या पाटीचा तो शाळकरी वास आमच्या गल्लीत पसरला.

पुढच्या शनिवारी २१ आला.

आबा जेवले नाहीत. "एक हप्तामां सतरानी घसरगुंडी," असे म्हणून ते झोपाळ्यावर पडून राहिले. काकू ताट घेऊन उभ्या. "खाई ल्या दोन घास. गानं पडनं, पोऱ्या नही पडना." रविवारी चार वाजता फोन वाजला तेव्हा आबा भिंतीचा आधार सोडून थेट खिडकीशी गेले आणि दबक्या आवाजात काकूंना मजकूर देऊ लागले. "त्याले सांग, घाबरू नको. पहिले यंत्र धोई काढ. मंग नमुना परत ले. आमनाकडेबी एक साल असंच व्हयेल व्हतं."

काकूंनी तो निरोप जसाच्या तसा फोनमध्ये ओतला. पलीकडे असे काही खदखदून हसणे उसळले की ते मला माझ्या अंगणात ऐकू आले. सात वर्षांत त्या घरातून तो आवाज आला नव्हता. यादीतला आकडा जितका लहान तितका मान मोठा, हे योगेशने आईला समजावले, आईने खिडकीला समजावले. आबांचे कान लाल झाले. "मंग हाऊ उलटा उतारा शे, असं पहिलेच सांगानं ना!" ते तडकून म्हणाले, आणि रात्रीचे तीन भाकरींचे जेवण त्यांनी संध्याकाळीच संपवले.

त्यानंतर त्यांनी त्या बँडचा रीतसर अभ्यास सुरू केला. पावसाळी, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात होड्या ठेवायच्या शेडमध्ये ती पोरे वाजवू लागली, पहिल्या कार्यक्रमाला ऐकणारे अकरा जण होते आणि त्यातला एक पाऊस थांबायची वाट पाहत होता, ही माहिती काकूंमार्फत हाती आली. आबांनी चौघांची वर्गवारी केली. गाणारा म्हणजे सुरू ऊस, लवकर पिकणारा. ढोल बडवणारा आडसाली, उशिराचा पण वजनदार. दोघे गिटारवाले म्हणजे एकाच बुंध्याला पुन्हा फुटलेला खोडवा. "भाऊ असतीन," ते म्हणाले. ते खरोखरच भाऊ निघाले.

गाणे ऐकायची त्यांची रीतही नमुना तपासण्याची. डोळे मिटायचे, एकाच कानात बोंड घालायचे, कारण दुसरा कान कारखान्याच्या भोंग्यासाठी आजही राखून ठेवलेला. एकदा त्यांनी ते बोंड मला दिले. सुकलेल्या पाचटावरून तळवा फिरवावा तसा गिटारचा खरखरीत स्वर आला, त्यामागून ढोलाचे मऊ, जड पाऊल, आणि मग चौघांचे गळे एकदम उघडले, उन्हाळ्यात कुणी माठावरचे झाकण उचलावे तसे. मी काही बोलण्याआधीच आबांनी अहवाल दिला, "पहिला रस गोड शे. मधला भागमां पानी टाकेल शे. शेवट परत घट्ट." कविता शिकवताना हे एवढेच सांगायला मला दोन तास लागतात.

आकडा नऊ झाला, मग चार. बँडची कीर्ती फळ्यामुळे तापीकाठी पोहोचली. लगीनसराईच्या तोंडावर प्रकाशा गावचे एक केळीवाले शेतकरी पांढरे धोतर सावरत ओट्यावर आले.

"आबा, मन्ही पोरनं लगीन शे. तुमना बँड भेटी का?"

"कोनता बँड?"

"हाऊच, फळावरना. गाडीवर चढीसन वाजाडतस ना?"

आमच्याकडे बँड म्हणजे गाडीवर बसवलेले भोंगे, दिव्यांच्या माळा आणि वरातीपुढे धुरळा उडवीत नाचणारे अख्खे गाव. त्यामुळे पाहुण्यांचे काहीच चुकले नव्हते. आबांनाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "त्यासनी तारीख नही शे."

"पुढला साल?"

"आठना उनमां त्यासना सूर उतरी जातीन."

"सूर नही, कातडं उतरी," आतून काकू.

"टोप्या देसूत ना!" पाहुणे हटेनात. शेवटी आबांनी त्यांना बीकरमधून चहा पाजला आणि विचारून कळवतो, असा शब्द दिला. रविवारी खिडकीतून तो निरोपही गेला. योगेश म्हणाला म्हणे, की पोरे यायला तयार आहेत, फक्त जेवणात काय असेल ते विचारतायत. आबा दोन दिवस त्यावर खूश होते.

तीन आठवडे आकडा चारवरच अडकला आणि आबांनी पान खाणे सोडले. चौथ्या शनिवारी सकाळी मी दार उघडले, तर सगळी गल्ली त्यांच्या ओट्यासमोर उभी. फळ्यावर वरपासून खालपर्यंत एकच 'एक' होता, विजेच्या खांबासारखा उभा. सहीला जागा उरली नव्हती. आबा ताज्या उसाचा रस बीकर भरभरून वाटत होते, प्रत्येकाला बरोबर शंभर मिलिलिटर. रात्रपाळीहून परतणारा एक कामगार सायकलवरून उतरला. "कोन पहिला इना, आबा?"

"मन्हा पोऱ्या," आबा म्हणाले. मग चटकन मान खाली घालून रस ओतत दुरुस्ती केली, "म्हंजे, बँड."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी माझ्या बीकरमध्ये पाहत राहिले.

त्या रविवारी आबा बोलतील असे काकूंना वाटले होते. त्यांनी फोन खिडकीतून बाहेर धरलाही. आबांनी हात पुढे केला, हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "त्याले इचार, एकना पुढे काय शे?"

एकच्या पुढे काही नसते. पाच आला, एकोणीस आला, एकोणचाळीस आला. आबांनी प्रत्येक आकडा तितक्याच सुबकपणे लिहिला आणि सही केली. आणि मग एका शनिवारी काकूंच्या फोनवर काहीच आले नाही.

आठ वाजले. साडेआठ झाले. मी शाळेला निघाले तेव्हा आबा पुसलेल्या फळ्यासमोर उभे होते. पाणी वाळत चालले होते आणि त्याची राखाडी कड हळूहळू आत सरकत होती. काकूंचा फोन त्यांच्या एका हातात होता, दुसऱ्यात खडू. गंध लावायचे राहिले होते.

"रेंज शे ना, ताई?" त्यांनी फोन मला दाखवला. रेंज होती.

"बँड यादीतून बाहेर गेला असेल, आबा. असे होते. हंगाम संपतो."

"ते समजस माले." खडूचा चुरा त्यांच्या बोटांतून तुळशीवर पडत होता. "पन मीच त्याले बोलेल व्हतो. आकडा नही तं तोंड दखाडू नको. तो ते इसरना नही शे. आते त्यानाकडे आकडा नही." मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "ताई, ज्यानाकडे आकडा नही, त्याले काय इचारतस?"

इतकी वर्षे मी मुलांना प्रश्न विचारते आहे. मला एकच सुचला. "जेवलास का, असे विचारतात, आबा."

"बस? इतलंच?"

"नमुना तर घ्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी अंगणात कपडे झाडत होते, आणि रोज पाच मिनिटांत संपणारे ते काम मी बराच वेळ केले. स्वयंपाकघरात फोन वाजला. वाजत राहिला. काकूंचा आवाज आला, "मन्हा हात पिठना शेतस. तुम्हीन ल्या!" दुपारी चारला त्या घरात कधी पीठ मळले जात नाही. हे मला माहीत होते आणि आबांनाही. ते ओट्यावरून उठले, चप्पल काढून आत गेले, देवघरात जावे तसे.

वाजणे थांबले. पलीकडच्या उसातला वारा ऐकू आला. मग आबांचा आवाज, घसा खाकरून, प्रयोगशाळेतल्यासारखा करडा.

"काय जेवना?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही. आबा बराच वेळ ऐकत होते. अधूनमधून फक्त "हा" म्हणत होते, आणि एकदा "इतला?" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात कोरडे, स्वच्छ होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हते.

पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता आबा आंघोळ करून, अष्टगंध लावून ओट्यावर आले. त्यांनी फळा पुसला आणि वाळू दिला. एवढ्या वर्षांत ज्यावर आकड्याखेरीज काही उमटले नव्हते, त्या फळ्यावर त्यांनी त्याच वळणदार हाताने लिहिले:

खिचडी. दाळ कच्ची ऱ्हायनी.

खाली पट्टीने रेघ ओढली. सही केली.

रात्रपाळीचा तो कामगार सायकलवरून आला, एक पाय जमिनीला टेकवून त्याने फळा दोनदा वाचला. जराही न हसता, उतारा पडल्याच्या गांभीर्याने, त्याने विचारले, "आबा, भिजाडी नव्हती का?"

"तेच सांगं मी त्याले," आबा म्हणाले, आणि चहाचे बीकर त्याच्यापुढे केले.