सर्जेराव राजांनी कन्येसमवेत आकाशकंदील केला त्याची हकीकत

श्रीदीपलक्ष्मी प्रसन्न. ऐकणारांनी सावध असावें, हसूं आलियास पदराआड आवरावें. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरीं, आश्विन वद्य द्वादशीचे दिवशीं एके राज्यीं वर्तलें तें ऐसें जे, त्या घराण्याचा कुळाचार कीं दिवाळीस राजानें आपले लेकरासंगें बसोन आपले हातें कंदील करावा आणि देवडीस लावावा. राजे सर्जेराव थोर पराक्रमी. पराक्रम कोणता म्हणाल, तर आरशापुढें बसोन मिशांस पीळ देणें. कन्या गोजराबाई आठां वर्षांची, तिजकडे वर्षभर ढुंकोन पाहिलें नाहीं. परंतु शेजारील राज्यांत बोभाटा जाहला कीं हा राजा पोटचे लेकीस ओळखीतही नाहीं, तें कानीं येतांच राजे खवळले आणि बोलिले, "आम्हांसारखा पिता त्रिभुवनीं नाहीं! कंदील करूं, आणि चिताऱ्याकडोन तसबीर काढवूं, आणि ती राज्योराज्यीं धाडूं."

मग सदरेवर गालिचा पडला, आणि कारागिरांनीं कंदील अगोदरच करून ठेविला, आणि राजांनीं त्यास एक बोट लावून बैठक घेतली, आणि गोजराबाईस जरीचा परकर नेसवून बाजूस बसविलें. पोरीनें खळीचे वाडग्यांत हात घातला तों कारभारी ओरडले, "ताईसाहेब, जरीचा परकर खराब होईल!" तिनें बांबूची कामटी उचलिली तों भानजी चितारी कळवळला, "हालूं नये!" लेकरूं ओंडक्यागत बसलें. अखेर तिनें पुसिलें, "आबासाहेब, कंदील कधीं करायचा?" राजे ओठ न हालवितां वदले, "हें काय, करतोंच आहों." तेव्हां गोजराबाई उठली आणि चालती जाहली. दरबारी "वाहवा, काय बाणेदार कन्या!" म्हणाले, कारण त्यांस वाहवेवांचून दुसरें येतच नसे.

राजे क्रोधें पाठीं गेले, तों मुदपाकखान्यामागील ओसरीवर पोर परकराचा ओचा खोचून एकलीच कामट्या बांधीत बसलेली, आणि चौकट एकीकडे बांधावी तों दुसरीकडे सुटावी, आणि डोळां पाणी. दटावावें म्हणोन राजांनीं तोंड उघडिलें, तों ती वर न पाहतां म्हणाली, "इथें धरा." राजांस आज्ञा देणें ठाऊक, घेणें नाहीं. तरी धरिलें. "घट्ट धरा, आबासाहेब. मिशी सोडा, दोन्ही हात लावा!" मग दोन्ही हात लाविले, आणि गांठी पडल्या, आणि कागद फाटला, आणि दुसरा डकविला, आणि खळ कोपरांपर्यंत आली, आणि पोर हंसली तेव्हां राजांस कळों आलें कीं तिचे पुढील दांत पडले आहेत.

"केव्हां पडले?"

"एक दसऱ्यास. एक काल."

इतक्यांत कारभारी धांवत आले, "महाराज, तसबीर पुरी जाहली, शेजारील राज्यांचे वकील ती नेण्यास खोळंबले आहेत, चलावें!" राजे संवयीनें उठूं लागले. गोजराबाई चौकट आपले कवेंत घेऊन एकलीनेंच धरूं लागली, जैसें हें होणारच होतें. तें पाहोन राजे पुन्हां बसले आणि म्हणाले, "वकिलांस सांगा, खळ ओली आहे."

कंदील जाहला तो ऐसा, कीं भोपळा म्हणावा तर भोपळ्यास राग यावा. देवडीस तोच लागला. वकील तोंडावर शेला धरून हंसले, आणि पोर खालीं उभी राहून येणारे-जाणारास सांगे, "आम्हीं केला." तात्पर्य, राजानें उभ्या जन्मांत धड ऐसें एकच काम केलें, आणि तें वांकडें जाहलें.