एका पायावरचे इंगोले मास्तर

शिरपूरच्या एस.टी. स्टँडवर पांढरा सदरा-लेंगा घातलेला, चाळिशीतला एक माणूस एका पायावर उभा असे. गाव जैन मंदिराचं, उतरणारे यात्रेकरू भाविक. त्यांना वाटायचं, महाराजांचं काही व्रत दिसतं. एका बाईनं तर समोर केळं ठेवून नमस्कार केला. आम्ही गावातले मात्र ओरडायचो, "मास्तर, ठेवा तो पाय खाली!"

हे आमच्या शाळेतले इंग्रजीचे इंगोले मास्तर. मी मराठीचा मास्तर, आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांनी नववीची पोरं रडकुंडीला यायची, म्हणून मास्तरांनी त्यावर लंगडी काढली. मैदानात चुन्याची रेघ. अलीकडच्या पोरानं पाय उचलून म्हणायचं, "इफ इट रेन्स..." आणि लंगडत सुटायचं. पलीकडच्यानं "द बस विल नॉट कम" असं पुरं केलं की पाय खाली. नाही सुचलं, तर बस लंगडत!

"जर म्हंजे एक पाय हो," मास्तर मला समजावायचे. "दुसरा पाय समोरच्यापाशी असते."

एकदा दिगंबर नावाचं आमचं लठ्ठ पोरगं "इफ माय बफेलो डाइज..." म्हणून सुटलं. समोरची पोरगी गप्प. म्हैस मेल्यावर काय होतं, हे तिला मराठीतही सांगवेना. दिगंबर मैदानातल्या कडुनिंबाभोवती लंगडतोय, तोंड लालबुंद. तेवढ्यात हेडमास्तर बाहेर आले.

"इंगोले, हा काय पी.टी.चा तास हाय का?"

"इंग्रजीचा हाय, सर. आता तुमीच सोडवा त्याले."

हेडमास्तर गणिताचे. त्यांना दरदरून घाम फुटला. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "आय विल बाय अनदर!" त्यासरशी दिगंबर धपकन त्यांच्याच पायावर पडला. तेव्हापासून लंगडी सुरू असली की हेडमास्तर मागच्या दारानं ये-जा करू लागले.

हा खेळ मास्तरांच्या अंगातच भिनला होता. पानठेल्यावर, किराणा दुकानात, कुठंही पाय वर. साधं हो-नाही त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "मास्तर, चहा घेता का?" "दूध असलं, तं." "रिसोडच्या बाजाराला येता का?" "गाडीत जागा भेटली, तं." माझी बायको वैतागून म्हणायची, "या मानसाले सरळ 'हो' म्हनाले काय होते व?" मी तरी काय सांगू! मलाही त्यांचा राग यायचा.

पण ते दर शनिवारी संध्याकाळी वाशीमहून येणाऱ्या गाडीसाठी स्टँडवर का जातात, ते मला ठाऊक होतं. त्यांची बायको शांता पहिल्या बाळंतपणाला वाशीमपलीकडं इंझोरीला, माहेरी गेली होती. लेकरू जगलं नाही. मास्तर इंझोरीला गेले, दारात उभे राहिले, कुणाशी एक शब्द बोलले नाहीत आणि परतीच्या गाडीनं येऊन शाळेत लंगडी घेतली. तिकडं शांताबाई म्हणाली, "ज्याच्या डोयात टिपूस नाई, त्याच्या घरी मी कायले जाऊ?" ती आली नाही. हेही पुन्हा गेले नाहीत. नुसती गाडी पाहायचे.

अशाच एका शनिवारी मी पाहुण्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो. वाशीमची गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. स्टँड रिकामा झाला. खांबाला हात टेकून मास्तर तसेच एका पायावर उभे.

"मास्तर, गेली ना गाडी. ठेवा पाय खाली."

"समोर कोनी नाई हो. कसा ठेवू?"

"मी हाय ना. म्हना."

त्यांनी गाडी गेली त्या रस्त्याकडं पाहिलं. मग हळू म्हणाले, "शांता आली, तं..."

आता पुढचं माझ्याकडं होतं. वर्गात मी शब्दांचा मोठा सावकार. घर हसेल, दिवा लागेल, असलं काहीबाही सुचत होतं. ते सगळं खोटं होतं. मला त्यांची दया आली आणि संतापही आला.

"शांता आली, तं तुमी दोघं त्या लेकरासाठी एकदा पोटभर रडसान," मी म्हणालो. "एकट्यानं नाई जमत ते, मास्तर. तिचंबी तेच होऊन राह्यलं असंन."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाय खाली ठेवला आणि तिथंच फरशीवर बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचं सगळं अंग हलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून मी स्टँडवर गेलो, तर ते तिथं हजर. नवा सदरा, हातात पिशवी. वाशीमला जाणारी गाडी लागली. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, असे मास्तर थबकले.

कंडक्टर ओळखीचा. तो ओरडला, "काय हो मास्तर, गाडीतबी लंगडी? जायचं हाय का नाई?"

मी मनात म्हटलं, आता हे म्हणणार, जागा भेटली तं.

"हो," मास्तर म्हणाले, "जायचं हाय," आणि दुसरा पाय वर घेतला.